डब्याची मागची बाजू

नाशिक, रविवार, रात्री पावणेअकरा

उद्या मी पुन्हा कामावर रुजू होणार आहे आणि माझ्या लेकीच्या, चिऊच्या, खाण्याचा प्रश्न आज संध्याकाळी एकदाचा मार्गी लागला, म्हणून झोपण्यापूर्वी हे लिहून ठेवते आहे. कायद्याने मिळालेल्या २६ आठवड्यांच्या रजेतले तीन आठवडे प्रसूतीपूर्वीच गेले होते. साठलेली रजा जोडल्यामुळे तिचे सहा महिने पूर्ण होईपर्यंत मला घरी राहता आले. मुलीचे उष्टावण पाचव्या महिन्यात व्हावे अशी सासूबाईंची इच्छा होती, परंतु पहिले १८० दिवस फक्त आईचे दूध, असे डॉक्टरांनी बजावलेले असल्यामुळे आम्ही थांबलो आणि सातवा महिना लागल्यावर मामाच्या मांडीवर बसवून तिच्या ओठांना खीर टेकवली. मुलींसाठी पाळला जाणारा विषम महिनाही साधला आणि डॉक्टरांचा शब्दही राहिला.

सासूबाईंचे माहेर नागली, म्हणजे नाचणी, पिकवणाऱ्या पेठ तालुक्यातले, त्यामुळे बाळाचे पहिले अन्न म्हणजे नागलीचे सत्त्व, याविषयी त्यांच्या मनात कधी शंका नव्हती. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवून मंद आचेवर भाजायची, दळायची आणि पीठ वस्त्रगाळ करायचे. मोड आल्याने धान्यात स्टार्च फोडणारे विकर (एन्झाइम) तयार होते, त्यामुळे पीठ जास्त घातले तरी पेज सैल राहते आणि बाळाच्या एवढ्याशा पोटात जास्त अन्न जाते, हे मला डॉक्टरांनी समजावले; सासूबाईंना ते कोणी न सांगता ठाऊक होते. अडचण आली ती आषाढाची. आठ दिवस सूर्य दिसला नाही, मोड आलेली नागली पंख्याखाली पसरूनही नीट वाळली नाही आणि दळून आणलेल्या पिठाला कुबट वास येऊ लागला. सासूबाईंनी ते पीठ हुंगले, चिमूटभर जिभेवर ठेवले आणि काही न बोलता टाकून दिले. त्यांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

गुरुवारी घाईघाईत मी जवळच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने "ताई, सगळे हाच नेतात" म्हणत बाळाच्या तयार खाद्याचा एक डबा पुढे केला आणि दर्शनी बाजूवरची फळे व गव्हाच्या लोंब्या पाहून मी तो घेतला. शुक्रवारी सकाळी चिऊने दोन चमचे आवडीने खाल्ले. रात्री ती झोपल्यावर मी डब्याची मागची बाजू वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. तिथे गव्हाचे पीठ पहिले होते, दूध पावडर दुसरी आणि तिसऱ्या क्रमांकावर साखर होती. फळांचे नाव यादीच्या तळाशी. एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' या स्विस संस्थेच्या अहवालानंतर बाळांच्या डब्यांतील साखरेची देशभर चर्चा झाली होती, पण तेव्हा मला मूल नव्हते आणि ती बातमी मी वरवर चाळून सोडून दिली होती. ज्या मुलीला वर्षभर मीठ, साखर आणि मध द्यायचा नाही असे आम्ही ठरवले होते, तिला मीच स्वतःच्या हाताने साखर भरवली, या विचाराने मला फार वाईट वाटले.

शनिवारी कॉलेज रोडच्या एका मोठ्या दुकानात मी पाऊण तास उभी राहून डबे उलटे करून वाचले. डब्यावरील पोषणमूल्यांच्या तक्त्यातील एकूण साखरेच्या आकड्यावरून नीट उलगडा होत नाही, कारण दुधातील नैसर्गिक साखर, लॅक्टोजही, त्यातच मोजलेले असते. पाहायची ती घटकांची यादी. कुठे सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखरच, होते, कुठे ग्लुकोज सिरप, तर 'साखर नाही' असे ठळक छापलेल्या एका डब्यात माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेली आणि पोटात झटकन साखर होणारी भुकटी, यादीत बरीच वर होती. चोखून खायची फळांची पाकिटे मी लगेच बाजूला ठेवली, कारण चिऊने चमच्याने खायला शिकावे अशी माझी इच्छा आहे. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने अशा डब्यांवर बाळाचे किंवा आईचे चित्र छापता येत नाही आणि आईचे दूधच सर्वोत्तम अशी सूचना द्यावी लागते. तो कायदा किती आवश्यक आहे, हे त्या फळीपुढे उभे राहिल्यावर मला मनापासून पटले. अखेर तांदूळ, मूगडाळ, दूध पावडर आणि त्यापुढे जीवनसत्त्वे व खनिजे, एवढीच यादी असलेला डबा मी घेतला.

त्यात मिसळलेले लोह हे माझ्या निवडीचे मोठे कारण होते. गर्भात असताना साठलेले लोह साधारण सहा महिने पुरते आणि आईच्या दुधात ते थोडेच असते, त्यामुळे आता ते अन्नातूनच मिळायला हवे. डॉक्टरांनी लोहाचे थेंबही लिहून दिले आहेत आणि वरणाच्या नुसत्या पाण्याने पोट भरवू नका, असे स्पष्ट सांगितले आहे. विकतचा डबा आणणारी आई कष्टाला कंटाळली असे बोलणारे आमच्या नात्यात आहेत. मला ते मान्य नाही. नीट वाचून आणलेला डबा हा त्या कुबट पिठापेक्षा आणि त्या वरणाच्या पाण्यापेक्षा निश्चितच चांगला आहे.

आज चार वाजता सासूबाईंनी स्वतः पेज केली. उकळून कोमट केलेल्या पाण्यात भुकटी ढवळली आणि चमचा तिरका करून ती ओघळत नाही ना, ते पाहिले. पहिला घास चिऊने जिभेने बाहेर ढकलला, दुसऱ्याला कपाळावर आठ्या घातल्या. शुक्रवारचा गोडवा तिला आठवत असेल का, या विचाराने माझा जीव खालीवर झाला. पाचव्या चमच्याला मात्र तिने आपणहून तोंड उघडले.

उद्यापासून दिवसातून दोन वेळा, दर वेळी दोन-तीन चमचे, एवढ्यावर सुरुवात करायची आणि तीन दिवस नवीन काहीच द्यायचे नाही, असे आमचे ठरले आहे. वाटीत उरलेली पेज पुन्हा द्यायची नाही, कारण चमच्याबरोबर तिची लाळ त्यात गेलेली असते. डबा उघडल्याची तारीख मी झाकणावर ठळक अक्षरांत लिहिली आहे. ती वाचून सासूबाई म्हणाल्या, "दसऱ्यानंतर ऊन पडू दे गं, मग सत्त्व मी करते. तोवर हा डबा असू दे."