तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या चित्रगटाचे प्रदर्शन का नाही?

कार्यालयात बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आमचा चित्रगट जमतो. एवढी मंडळी चित्रे काढतात, मग स्नेहसंमेलनात ती लावत का नाही, हे मला इतक्यांदा विचारले गेले आहे की एकदा सविस्तर उत्तर देते.

गटातल्या बहुतेकांची चित्रकला शाळेतच सुटली. ज्यांचा हात चांगला, त्यांना सरांनी एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवले. बाकीच्यांनी आपल्याला चित्र येत नाही हे कायमचे मान्य केले. अशा माणसाने पन्नाशीत पुन्हा पेन्सिल धरावी असे वाटत असेल, तर इथे श्रेणी मिळणार नाही एवढी हमी तरी त्याला द्यायला हवी.

लेखा विभागातले एक ज्येष्ठ सहकारी कित्येक आठवडे कँटीनमधला स्टीलचा पेला काढत होते. टेबल सपाट असते हे ठाऊक असल्यामुळे बूड सरळ रेषेत येई आणि काठाच्या लंबवर्तुळाला दोन्ही बाजूंना टोके फुटत. बूड डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असते, म्हणून ते काठापेक्षा जास्त गोल दिसते, हे माझ्या सांगण्याने त्यांना पटले नव्हते. एका बुधवारी ते त्यांचे त्यांनाच दिसले आणि कागदावर उतरले. त्याच वर्षी व्यवस्थापनाच्या आग्रहामुळे चित्रे लागली, परीक्षक आले, आणि बक्षीस मोबाइलवरच्या फोटोवर चौकटी आखून काढलेल्या एका अभिनेत्याच्या चेहऱ्याला मिळाले. पेल्यासमोर थांबून कोणीतरी विचारले, "हे कुणाच्या मुलाने काढलंय?" सहकारी शेजारीच उभे होते. त्यांनी तक्रार केली नाही. पुढच्या बुधवारपासून त्यांना काम असू लागले.

बक्षीस मिळवणाऱ्या मुलीचा यात काहीच दोष नव्हता. चौकटींची पद्धत जुनी आणि रीतसर आहे. बक्षीस न ठेवता चित्रे लावा, असे तुम्ही सुचवता, पण तो प्रश्न विचारणारा परीक्षक नव्हता. तरीही, चित्र चार लोकांनी पाहायला हवे असे मीच पूर्वी ठासून सांगत असे आणि ते मत मला आजही खोटे वाटत नाही. त्या प्रदर्शनामुळेच गोदामातले दोघे गटात आले आणि टिकले, हेही खरे आहे.

यंदा गटातल्याच तिघींना आपली चित्रे लावायची आहेत. त्यांना अडवण्याचा मला काय अधिकार, असे त्यांनी विचारले आहे, आणि त्यांना मी अजून उत्तर दिलेले नाही.