रंग लावलेला किल्ला

गुरुवार, रात्री

दहा वाजून गेलेत आणि मी खिडकीशी बसून दिव्याशिवाय लिहितेय. जूनमध्ये इथे दिवस मावळायचं नावच घेत नाही. समोर, तीनेक किलोमीटरवर, काळ्या कड्यावर स्कॉटलंडमधला स्टर्लिंगचा किल्ला दिसतो. कडा काळा, तट करडे आणि मधोमध एकच इमारत पिवळीधमक. हळद लागलेली नवरी सगळ्या वऱ्हाडात उठून दिसते ना, तशी.

सकाळी निघताना लेक म्हणाली, "आई, इथले किल्ले तुझ्या गुडघ्याच्या मापाचे आहेत. टॅक्सी थेट दारापर्यंत जाते." दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझे गड बंद केले, तेव्हापासून ती असल्या गोष्टी फार जपून बोलते. मलाच त्याचा राग येतो. टॅक्सीने गडावर जायचं म्हणजे पालखीतून वारीला गेल्यासारखं. पण गेले.

दारापुढच्या मोकळ्या पटांगणात स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याचा पुतळा आहे. याने १३१४च्या जूनमध्ये इथून जवळच, बॅनकबर्नला, इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डची फौज झोडपली. तेव्हा किल्ला इंग्रजांकडे होता आणि किल्लेदाराने शब्द दिलेला होता की २४ जूनपर्यंत कुमक आली नाही तर गड खाली करून देतो. कुमक घेऊन खुद्द राजाच आला आणि हरला. पळत पळत किल्ल्याच्या दारात आला, तर त्याच्याच किल्लेदाराने त्याला आत घेतलं नाही. आता गड द्यावाच लागणार, आत आलात तर तुम्हीही सापडाल, असा त्याचा हिशोब. बिचारा एडवर्ड तसाच घोडा दामटत समुद्रकाठच्या डनबारला गेला.

मला मात्र त्याच्या पुढची गोष्ट जास्त लागली. गड हाती आल्यावर ब्रूसने तो पाडला. स्वतःच. पुन्हा इंग्रजांनी घेतला तर त्यांना त्याचा उपयोग होऊ नये म्हणून. किल्ला टिकवायला माणसं कापली जातात, त्या गोष्टींवर मी वाढले. जिंकलेला गड आपल्या हाताने पाडणारा राजा मला नवीन होता. पुतळ्याकडे पुन्हा एकदा नीट बघून घेतलं.

आत गेले आणि ती पिवळी इमारत समोर आली. हा ग्रेट हॉल. स्कॉटलंडचा राजा चौथ्या जेम्सने १५०३च्या सुमारास पुरा केलेला मेजवान्यांचा दिवाणखाना. लांबी जवळजवळ १३८ फूट, आत पाच शेकोट्या, वर ओकच्या तुळयांचं उलट्या नावेसारखं छत. आणि बाहेरून हा रंग. साय आलेल्या आमरसासारखा. मला पहिलं काय वाटलं ते खरंखरं लिहिते: शी.

आमच्या गिर्यारोहणाच्या ग्रुपवर गेली वीस वर्षं मी एकच बाजू लावून धरलीय. अवशेषांना हात लावू नका. डागडुजी करा, कोसळणारं सावरा, पण नवं काही चढवू नका. एका गडावर (नाव नको) जुन्या चिऱ्यांवर सिमेंट थापलेलं बघून मी तिथेच भांडले होते. २०२५मध्ये आपले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा पेढ्यांच्या फोटोंखाली "आता पेव्हर ब्लॉक येणार" असं लिहिणारी ती मीच. आणि इथे, या एवढ्या शहाण्यासुरत्या लोकांनी पाचशे वर्षांची भिंत रंगवून ठेवलेली.

हॉलमध्ये एक बाई उभ्या होत्या, माहिती सांगणाऱ्या. त्यांना मी विचारलंच. त्या हसल्या, हा प्रश्न त्यांना रोज येत असणार. म्हणाल्या, रंग आम्ही शोधून काढलेला नाही, हा असाच होता. दगडावर चुन्याचा जाड गिलावा आणि त्यावर सोनेरी छटेचा चुना. पुढे किल्ला फौजेची छावणी झाला, या हॉलमध्ये मजले आणि भिंती घालून सैनिकांच्या खोल्या केल्या, छत गेलं. १९६४मध्ये पलटण गेली, मग एकेक मजला काढत, छत नव्याने घालत १९९९मध्ये काम संपलं. गिलावा चढला तेव्हा शहरातल्या कितीतरी जणांनी नाकं मुरडली होती म्हणे. माझ्यासारखेच. त्यांना लहानपणापासून करडा दगड बघायची सवय.

मी मान डोलावली, पण पटलं नव्हतं.

इथे मेजवान्या काय व्हायच्या! १५९४मध्ये सहाव्या जेम्सच्या मुलाच्या बारशाला मासे वाढायला हॉलमध्ये १८ फुटांचं जहाज आणलं होतं, खऱ्या तोफा उडवणारं. आणखी एक रथ सिंह ओढणार होता. पाहुणे घाबरतील म्हणून सिंह रद्द केला आणि एका काळ्या माणसाला तो रथ ओढायला लावला. हे ऐकताना सगळे हसले, मग जरा उशिराने गप्प झाले.

पाचव्या जेम्सच्या राजवाड्यातही तीच गत. छतावर ओकची कोरीव गोल मुखं, प्रत्येक जवळपास परातीहून मोठं, भडक लाल-निळ्या-सोनेरी रंगांत. ही नवी, नक्कल. मूळची १७७७मध्ये छत ढासळू लागलं म्हणून उतरवली, त्यांतली तीसेक वरच्या दालनात आहेत, रंग उडालेली. मी तिथे बराच वेळ काढला. एका बाईच्या मुखाशी अगदी नाक लावून पाहिलं. केसांच्या घडीत, छिन्नी वळली त्या खोबणीत, लाकूड भेगाळलंय. खाली नवं छत पाहताना मी एकाही चेहऱ्याशी थांबले नव्हते. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मला जुनी मुखं जुनी म्हणून आवडली की सुंदर म्हणून, हे काही सांगता येणार नाही.

राणीच्या महालातले युनिकॉर्नचे विणलेले पडदेही नवे. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातल्या मध्ययुगीन पडद्यांवरून हातमागावर विणून घेतले, बारा-तेरा वर्षं लागली. त्यापुढे मात्र मी काही बोलले नाही. ज्याने पैठणीचा पदर विणताना एकदा पाहिलाय, तो अशा कामाला नक्कल म्हणायला धजत नाही.

आता एल्फिन्स्टन. पुढच्या तटाच्या पूर्व टोकाच्या पडक्या बुरुजावर पाटी: एल्फिन्स्टन टॉवर. मी मोठ्याने म्हणाले, "अगं, प्रभादेवी!" लेक गोंधळली, तिच्या लक्षातलं स्टेशन प्रभादेवीच. मुंबईतल्या या स्टेशनाचं जुनं नाव एल्फिन्स्टन रोड, ज्यांनी परळहून पूल ओलांडून ते गाठलंय त्यांना कळेल. स्टेशनाचं नाव १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टनचं, आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचं नाव त्याच्या काकाचं, माउंटस्टुअर्टचं. हे घराणं याच मुलखातलं. माउंटस्टुअर्टचे वडील एडिंबरा किल्ल्याचे गव्हर्नर होते. म्हणजे किल्ल्यात वाढलेला हा मुलगा पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा वकील, म्हणून आला, खडकीची लढाई त्याच्या डोळ्यांदेखत झाली आणि १८१८मध्ये जिंकलेल्या आमच्या मुलखाचा कमिशनर झाला. त्याच साली इंग्रज कर्नल प्रॉथरच्या तोफांनी रायगडावरचा वाडा जळाला. त्याच साली अलंग-मदन गडांच्या पायऱ्या सुरुंगांनी उडाल्या. त्या तुटक्या जागी दोराला लटकत मी तिशीत वर गेलेय. बुरुजाच्या दगडाला हात लावून उभी राहिले. राग वगैरे काही आला नाही. दगड गार होता.

पलटणीच्या संग्रहालयात लखनौच्या सिकंदरबागेच्या लढाईची पदकं आहेत, १८५७ची. तिथून लवकर बाहेर पडले.

शुक्रवार

दिवसभर भुरभुर. याला इथे 'ड्रीख' म्हणतात, ख घशातून काढायचा. आपल्या खवय्यातला नाही, खोकल्यातला.

फार फिरलो नाही. होली रूड चर्च पाहिलं. १५६७मध्ये सहाव्या जेम्सला इथे राज्याभिषेक केला तेव्हा तो १३ महिन्यांचा होता. त्याची आई मेरी, तिचा राज्याभिषेक वरच्या किल्ल्यात झाला होता १५४३मध्ये, तेव्हा ती नऊ महिन्यांची. मायलेक दोघंही मुकुट पेलायच्या आधी मान धरायला शिकत होती. आणि लेकराला गादी मिळाली ती आईला तुरुंगात घालून, तिच्याकडून राज्य सोडवून घेऊन.

मग खाली फोर्थ नदीवरचा जुना दगडी पूल. १२९७मध्ये वॉलेस आणि मरे या स्कॉटिश सेनानींनी इंग्रजांना पुलावरून अर्धे येऊ दिले आणि मगच हल्ला केला. तो पूल लाकडी होता, याच्या जरासा वरच्या अंगाला. अरुंद वाट आणि निम्मी फौज अलीकडे. खिंड म्हणा की पूल म्हणा. वॉलेसच्या मनोऱ्याला २४६ पायऱ्या, त्यामुळे तो खालूनच. लेक चढून आली आणि "काही खास नाही गं" म्हणाली. खोटं बोलत होती, गाल लाल झाले होते.

एक लिहायचं राहिलं: १५०७मध्ये चौथ्या जेम्सच्या पदरी डेमियन नावाचा एक किमयागार होता. पिसांचे पंख लावून फ्रान्सला उडून जातो म्हणून त्याने किल्ल्याच्या तटावरून उडी मारली. पडला आणि मांडी मोडून घेतली. दोष कोंबड्यांना दिला. म्हणे गरुडाच्या पिसांत कोंबडीची पिसं मिसळली होती, आणि कोंबडीची ओढ उकिरड्याकडेच.

शनिवार, पुन्हा खिडकीशी

आज डून. स्टर्लिंगहून बसने अर्धा तास. गाव इवलंसं, किल्ला टीथ नदीच्या वळणावर झाडीत. आणि बघताक्षणी जीव शांत झाला. उघडा दगड, भेगांत उगवलेलं गवत, शंभर फुटांचा दरवाजाचा मनोरा, आत कावळे. हा किल्ला! माझा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट स्टुअर्टने बांधला. हा आल्बनीचा ड्यूक, राजा कधीच झाला नाही, पण कारभार सगळा त्याच्या हातात. म्हणजे पेशवाच.

सिनेमा-मालिकांचं चित्रीकरण इथे खूप झालंय, त्यामुळे अंगणात झगे घातलेली काही मंडळी फोटो काढत होती. मी स्वयंपाकघरात गेले. सबंध भिंतभर एकच चूल, अठरा फूट रुंद, वर एका कमानीत तोललेली. मी त्या चुलीच्या आत उभी राहिले आणि वर पाहिलं, तर धुराड्यातून पांढरं आकाश. शेजारच्या भिंतीत दोन कमानी खिडक्या, इथून ताटं पलीकडे सरकवायची. त्यांच्या उंबऱ्यावर हात फिरवला, दगड मधोमध खोलगट. किती वाढप्यांनी किती परातींनी घासला असेल. आमच्या जुन्या वाड्यात जात्याजवळचा दगड असाच होता, आजी तिथे टेकायची.

कानाला लावलेलं माहितीचं यंत्र मात्र बोलतच होतं. १७४६मध्ये इथे जॅकोबाइटांनी (गादी गेलेल्या स्टुअर्ट घराण्यासाठी लढणारे बंडखोर) कैदी कोंडले, त्यांतले काही चादरींना गाठी मारून मनोऱ्यावरून उतरले. तिथेच एक कैदी होता जॉन विदरस्पून, जो ३० वर्षांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणार होता. आणि मग सहज, जाता जाता: छपरं १८८०च्या दशकातली. बाजूच्या दालनातली लाकडी पडदी आणि वरची गॅलरी, तीही तेव्हाचीच. त्याआधी सगळं उघडं पडलं होतं.

मी यंत्र बंद केलं.

मला 'माझा' वाटलेला किल्ला व्हिक्टोरियाच्या काळातल्या एका अर्लने नीट केलेला निघाला. आणि त्याच्या आत ड्यूक राहत होता तेव्हा या भिंतीही अशा उघड्या कुठे असणार? ज्या घरात राहायचं त्याला माणूस गिलावा करतो, चुना लावतो. हे मला कळायला हवं होतं. आमच्याकडे दर दिवाळीला भिंती सारवून रांगोळी घातलेली मी पाहिलीय. रायगडाच्या वाड्याला लाकडी खांब होते, छत होतं, पडदे असतील, रंग असेल. उरलेत ते जोते. त्या काळ्या जोत्यांवर बसून मी किती वेळा म्हटलंय, अस्सल म्हणजे हे. ते १८१८नंतरचं आहे. मी वीस वर्षं ज्याच्यासाठी भांडले ती जळून गेल्यानंतरची जागा आहे.

याचा अर्थ सिमेंट बरोबर, असा नाही. ते भांडण मी उद्याही करेन. आणि जोते तरी खरेच आहेत, त्यांना झाकून काय चढवणार, कशाच्या आधारावर? इथे त्यांच्याकडे हिशोबाच्या वह्या होत्या, कारागिरांच्या नोंदी होत्या. नदीकाठी दशम्या खाताना हे सगळं लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "मग ग्रुपवर लिही ना." आणि दशमीवरची लसणाची चटणी माझ्याकडून काढून घेतली.

संध्याकाळी पिवळ्या हॉलचा फोटो टाकला. पहिलं उत्तर आमच्या सगळ्यात जुन्या भिडूचं, ज्याच्यासोबत मी अलंग केला: "हा कुठला लग्नाचा हॉल?"

दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा खोडलं. पुण्यात आता रात्रीचे अडीच. समोर हॉल अजून दिसतोय, बाकीचा किल्ला कड्यात मिसळून गेला. उद्या त्याला फोनच करते.