निवृत्तीसाठी गुंतवणूक: आधी स्वतःची तपासणी

‘पैसे कुठे गुंतवू?’ हा प्रश्न बहुतेक जण सगळ्यात आधी विचारतात. माझ्या मते तो शेवटचा. आधी पाहायचं ते एवढंच, की आज बाजूला टाकलेल्या पैशाला वीस-पंचवीस वर्षं हात न लावता तुमचं भागेल का?

सुरुवात खर्चापासून करा. गेल्या १२ महिन्यांची बँक स्टेटमेंटं आणि कार्डाची बिलं घेऊन बेरीज मारा. अंदाजावर जाऊ नका. विम्याचा हप्ता, घराची डागडुजी असे वर्षातून एकदा येणारे खर्च अंदाजात हमखास सुटतात. त्यातून निवृत्तीनंतर राहणार नाहीत ते खर्च, म्हणजे कर्जाचे हप्ते, मुलांचं शिक्षण, कामावर जाण्यायेण्याचा खर्च, वजा करा आणि औषधपाण्याचा वाढवा. आता महागाई. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की खर्च दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. दर ६ टक्के धरला तर १२ वर्षं. म्हणजे निवृत्तीला २४ वर्षं असतील तर आजचा खर्च चौपट होणार. तो आकडा बघून घाम फुटतो, पण हिशेब इथेच सोडू नका.

त्या खर्चातून आयुष्यभर मिळणारं पेन्शन वजा करा. उरलेल्या वार्षिक रकमेच्या २५ पट पुंजी हे ढोबळ लक्ष्य. ते अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांच्या १९९४ च्या अभ्यासातून आलं: पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढायचे, पुढे ती रक्कम महागाईइतकी वाढवत न्यायची. पण त्यामागे अमेरिकेतले आकडे आणि ३० वर्षांचा काळ आहे. पन्नाशीतच थांबायचं असेल तर ३० ते ३५ पट धरलेलं बरं.

कार्डाची थकबाकी असेल तर गुंतवणूक थांबवून ती आधी फेडा. २४ टक्के व्याजाचं कर्ज फेडणं म्हणजे २४ टक्के खात्रीचा परतावा. बाजारात तो कोणी देत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च लगेच काढता येईल असा ठेवा, उत्पन्न अनियमित असेल तर वर्षभराचा. हा नसला की नोकरी जाते तेव्हाच नेमके पडलेल्या भावात शेअर विकावे लागतात.

धीराची परीक्षा कागदावर होत नाही. अमेरिकेतल्या सुमारे पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा एस अँड पी ५०० निर्देशांक ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ मध्ये सुमारे ५७ टक्के पडला. एवढी घसरण भरून यायला १३० टक्क्यांहून जास्त वाढ लागते. आपल्या पुंजीची उरलेली ४३ टक्के रक्कम आकड्यात लिहा आणि तिच्याकडे बघा. झोप उडणार असेल तर शेअरचा वाटा आत्ताच कमी करा. निवृत्तीच्या आसपासच्या काही वर्षांत हे जास्त जपावं लागतं, कारण पडत्या बाजारात पैसे काढत राहिलं तर पुढच्या तेजीत वाढायला पुंजीच उरत नाही.

गुंतवणुकीतून दरवर्षी कापल्या जाणाऱ्या शुल्काकडेही बघा. त्यात एक टक्का गेला आणि १० ऐवजी ९ टक्के मिळाले तर ३० वर्षांनी एकरकमी गुंतवणुकीची पुंजी जवळजवळ पावपट कमी भरते.

मग तालीम. ठरवलेली रक्कम तीन महिने पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका, अजून कुठेही गुंतवू नका. महिनाअखेरीस त्यातून काढावं लागलं तर रक्कम कमी करून पुन्हा तीन महिने बघा.