दोन महायुद्धांमधले अमेरिकी साहित्य: एका बहिःस्थ विद्यार्थ्याचा अनुभव

इंग्रजीत बहिःस्थ एम. ए. करताना मी अमेरिकी साहित्याचा वैकल्पिक पेपर घेतला, तेव्हा पु. ल. देशपांडे यांच्या ‘एका कोळियाने’ या अनुवादामुळे हेमिंग्वे थोडाफार ठाऊक होता, बाकीची नावे केवळ ऐकीव होती. पुस्तके प्रकाशनवर्षांच्या क्रमाने वाचायची, एवढे मी ठरवून घेतले. त्याचा लाभ लगेच दिसला, कारण ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) वाचताना तेव्हाची दारूबंदी ठाऊक नसेल, तर गॅट्सबीकडे एवढा पैसा कोठून आला याचा उलगडा होत नाही.

खरा कस लागला तो फॉकनरपाशी. ‘द साउंड अँड द फ्यूरी’चा (१९२९) पहिला भाग बेंजी या ३३ वर्षांच्या, बोलता न येणाऱ्या मतिमंद माणसाच्या जाणिवेतून येतो; त्याच्या लेखी काल आणि आज यांत भेदच नसल्यामुळे एक वाक्य १९२८ मधले असते, तर पुढचे त्याच्या बालपणातले. गाइडमधला सारांश वाचून पुढे जाता आले असते, पण त्याने कादंबरी हाती लागत नाही. मला उपयोगी पडली ती एक साधी खूण: बेंजीला सांभाळणारा कोण, ते पाहायचे. व्हर्श असेल तर बालपण, टी. पी. असेल तर १९१० च्या आसपासचा काळ आणि लस्टर असेल तर १९२८. ही नावे समासात लिहीत गेल्यावर बहीण कॅडी दुरावल्याचे दुःखच सर्व तुकड्यांच्या मुळाशी आहे, हे दिसू लागले. क्वेंटिन हे नाव मामाचेही आणि भाचीचेही ठेवल्याबद्दल फॉकनरला माफ करणे मात्र अजून जमलेले नाही.

जॉन डॉस पॅसॉसची ‘यू. एस. ए.’ ही कादंबरीत्रयी निवडक भागांपुरतीच वाचली.

अभ्याससाहित्यात हा सगळा काळ ‘हरवलेल्या पिढी’च्या, म्हणजे पहिल्या महायुद्धाने भ्रमनिरास झालेल्या हेमिंग्वेसारख्या लेखकांच्या, नावे लावून हार्लेम, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या वस्तीभोवती बहरलेले कृष्णवर्णीयांचे साहित्य, एका परिच्छेदात आटोपलेले होते, ते मला पटले नाही. लँग्स्टन ह्यूजचा ‘द वेअरी ब्लूज’ हा संग्रह आणि हेमिंग्वेची ‘द सन ऑल्सो राइझेस’ ही दोन्ही १९२६ चीच. मानवशास्त्र शिकून फ्लोरिडात लोककथा गोळा करणाऱ्या झोरा नील हर्स्टन यांच्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’मधली (१९३७) बोली तर मोठ्याने वाचल्यावरच उमगली.

परीक्षेत ‘हरवलेल्या पिढी’वर प्रश्न आलाच. उत्तरात मी हेमिंग्वेशेजारी ह्यूजला बसवले, स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’मधल्या, मंदीत ओक्लाहोमा सोडून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या ‘जोड’ आडनावाच्या कुटुंबालाही आणले, आणि वेळ संपत आल्यामुळे फॉकनरच्या वाट्याला दोनच ओळी आल्या.