तुम्ही विचारलंत म्हणून: १९१९ सालात असं काय होतं?

जुन्या मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांचं निवेदन मी करते. २०१९ साली सुधीर फडके (बाबूजी), ग. दि. माडगूळकर (गदिमा) आणि पु. ल. देशपांडे (पुलं) या तिघांच्या जन्मशताब्द्या एकदमच आल्या आणि तेव्हापासून कार्यक्रम संपला की कुणी ना कुणी गाठून विचारतंच, "ताई, बाबूजी जुलैतले, गदिमा ऑक्टोबरातले, पुलं नोव्हेंबरातले. साडेतीन महिन्यांत तिघं! त्या सालात असं होतं तरी काय?" पुष्कळांच्या मनात उत्तर आधीच तयार असतं: ग्रहमान, दैवी योग, पुण्याई. मला ते पटत नाही, पण उभ्याउभ्या दोन वाक्यांत ते सांगता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

साल शुभ मुळीच नव्हतं. आदल्या वर्षी पाऊस फसला होता आणि इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई इलाख्यात घरंच्या घरं उठवली होती. एप्रिलमध्ये जालियनवाला बाग घडलं. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली, विसाव्या शतकात असं एकदाच झालं. त्या वर्षी जन्मलेलं पोर जगलं, हीच घरच्यांना मोठी गोष्ट वाटली असणार.

आता यादी म्हणाल तर लांबलचक आहे. कैफी आझमी, मन्ना डे, अमृता प्रीतम, विक्रम साराभाई, नौशाद, तिकडे न्यूझीलंडमध्ये एडमंड हिलरी. पण हिलरी आणि कैफी यांना जोडणारा धागा कुठला? नुसतं साल काहीच जोडत नाही. कुठलंही साल घ्या, अशी यादी होते. आपल्या तिघांचं मात्र तसं नाही. ते नुसते एका साली जन्मले नाहीत, एकाच कामावर येऊन भेटले. ते का भेटले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर जन्मसालात नसून त्यांच्या वयाच्या बाराव्या ते विसाव्या वर्षात आहे.

पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' आला १९३१ साली, प्रभातचा मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ साली. ही मुलं तेव्हा बारा-तेरा वर्षांची. मूकपटाला शब्द लागत नव्हते, बोलपटाला एकदम सगळंच लागू लागलं: संवाद लिहिणारे, गाणी लिहिणारे, चाली लावणारे, गाणारे. पहिली फळी नाटक मंडळ्यांतून आली. तिची सवय रात्रभर रंगणाऱ्या नाट्यपदांची, वन्स मोअरची. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात मुखडा, अंतरे आणि सगळा भाव बसवायचा हे नवंच कसब होतं. ते मिसरूड फुटण्याच्या वयात ग्रामोफोन ऐकत वाढलेल्यांच्या अंगात आपसूक मुरलं. दहा वर्षं आधी जन्मलेल्यांना जुनं विसरावं लागलं आणि दहा वर्षं नंतरच्यांना रांगेत उभं राहावं लागलं, असं मला वाटतं.

गदिमांचंच बघा. माणदेशातलं गरिबीतलं पोर, मॅट्रिकच्या पुढे शिक्षण गेलं नाही. जुन्या व्यवस्थेत अशा मुलाला कारकुनीसुद्धा मिळाली नसती. पण कोल्हापुरात हंस पिक्चर्स ही चित्रपट कंपनी उभी होती आणि १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त त्याला एक लहानसं काम मिळालं. वय एकोणीस. तिथून लेखकांच्या हाताखाली उमेदवारी, मग गाणी, मग पटकथा. बाबूजी तर कोल्हापूरचेच. तरुणपणातली काही वर्षं त्यांनी उपाशीपोटी, गावोगाव भटकत काढली. १९४१ साली एचएमव्ही या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीत पाय टेकला आणि १९४६ साली प्रभातने 'गोकुळ'चं संगीत दिलं. पुलं पार्ल्यात वाढलेले, शिकलेले, घरी पेटी. तिघांच्या वाटा इतक्या वेगळ्या, पण त्या एकाच दाराशी आल्या, कारण त्या वयाच्या होतकरू पोरांना घेणारं दार त्या काळात तेवढंच होतं.

१९४८ च्या राम गबाले यांच्या 'वंदे मातरम्'मध्ये तिघं एकत्र दिसतात: शब्द गदिमांचे, संगीत बाबूजींचं, पडद्यावर पुलं आणि सुनीताबाई. 'वेदमंत्राहून आम्हां वंद्य वंदे मातरम्' तिथलंच. १९५३ हे तर मला सोन्यासारखं वर्ष वाटतं. 'देवबाप्पा'तलं 'नाच रे मोरा' आणि 'गुळाचा गणपती'तलं 'इंद्रायणी काठी', दोन्ही गदिमांची, दोन्हींच्या चाली पुलंच्या. एक आशाताईंच्या गळ्यात, दुसरं भीमसेनजींच्या. एक पोरासोरांचं, एक वारकऱ्याचं. सत्तरी ओलांडलेली ही गाणी आजही माझ्या कार्यक्रमात सुरू झाली की सभागृह गाऊ लागतं.

मग रेडिओ. पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झालं १९५३ साली आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, तिथून 'गीतरामायण' सुरू झालं. आठवड्याला एक नवं गाणं, अशी छप्पन्न. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, माणिक वर्मांपासून वसंतराव देशपांड्यांपर्यंत गायकांना शिकवायची आणि वेळेवर प्रसारित व्हायचं. लोक याला चमत्कार म्हणतात. मी म्हणते, त्यामागे चित्रपटाच्या ठरल्या तारखेला गाणं देण्याचा अनेक वर्षांचा दोघांचा सराव होता. छत्तिशीतले, हात बसलेले, एकमेकांचा श्वास ओळखणारे दोन कारागीर त्या नव्या केंद्राला मिळाले. असं म्हटल्याने त्यांचं मोठेपण कमी होत नाही, उलट कष्ट दिसतात.

यादीतलं आणखी एक नाव अचानक आपल्या अंगणात येतं: मन्ना डे. 'वरदक्षिणा'तलं 'घन घन माला नभी दाटल्या' गदिमांचं, चाल वसंत पवारांची, गळा मन्नादांचा. कलकत्त्यात जन्मलेला हा गायकही बोलपटाच्याच ओढीने मुंबईला आला होता.

आणि आता ते नाव, ज्याच्यासाठी मला एवढं लिहायचं होतं. भाऊसाहेब निंबाळकर. जन्म १२ डिसेंबर १९१९, कोल्हापूर. म्हणजे बाबूजींचं साल, बाबूजींचंच गाव. ते फलंदाज. ज्या वयात फलंदाज कसोटीचं दार ठोठावतो, त्या वयात महायुद्ध पेटलं. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर भारत थेट १९४६ साली कसोटी खेळला. सतरा ते सव्वीस, भाऊसाहेबांची ही सगळी वर्षं देशी सामन्यांत गेली. सव्विसाव्या वर्षी बाबूजींना 'गोकुळ' मिळत होता आणि भाऊसाहेबांच्या वाट्याला तोवर एकही कसोटी आली नव्हती.

डिसेंबर १९४८, पुणे. काठियावाडविरुद्ध महाराष्ट्र. निंबाळकर नाबाद ४४३, संघ ४ बाद ८२६. तेव्हाच्या सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येशी, म्हणजे ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ शी, बरोबरी करायला नऊ धावा हव्या होत्या. काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. जागतिक विक्रम दोन षटकांवर होता आणि समोर गोलंदाजी करायला कुणी नव्हतं. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ भारतात कसोटी मालिका खेळत होता. भाऊसाहेबांना बोलावणं आलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, २०१२ साली ते गेले. रणजी करंडकातली ती सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या आजही त्यांच्याच नावावर आहे.

२०१९ साली तिघांच्या शताब्दीचे कार्यक्रम गावोगाव झाले, मीही केले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण आता कुणी १९१९ ची यादी मागितली की बाबूजी, गदिमा आणि पुलंच्या लगेच मागे मी निंबाळकरांचं नाव घेते, आणि ते कोण, असं कुणी विचारलं तर ही सगळी खेळी सांगते.