ठीक साडेसहा वाजता

शहरातल्या साहित्यिक कार्यक्रमांच्या यादीत सगळ्यात बेभरवशाचा शब्द कुठला, तर 'ठीक'. नुसतं 'सायंकाळी 6:30' असेल तर कार्यक्रम पावणेसातला सुरू होतो. 'ठीक 6:30' असेल तर सात धरून चालावं.

यादी वाचायचीही एक पद्धत आहे. लेखकाचं नाव बघून झालं की लगेच बाकीची नावं मोजायची. समजा, दीड तासाचा कार्यक्रम आहे. प्रास्ताविक 5 मिनिटं, परिचय 10, दोन पाहुणे 'दोन शब्द' बोलणार म्हणून प्रत्येकी 15, अध्यक्षीय समारोप 20, आभार 5. झाली 70 मिनिटं. वाचनाला 20 उरतात, आणि सुरुवातीला झालेला उशीर कापला जातो तो याच विसातून. अध्यक्षांचं भाषण आखडतं घेतलेलं फारसं कोणी पाहिलेलं नाही. म्हणून ज्या ओळीत एक लेखक, एक संवादक आणि 'वाचन व गप्पा' एवढंच असेल, तिथे शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं तरी जावं.

आता ती 20 मिनिटं. सावकाश, ऐकणाऱ्याला झेपेल अशा गतीने मिनिटाला साधारण 120 शब्द वाचून होतात. म्हणजे 2400 शब्द. छापील पानावर 300 शब्द धरले तर 8 पानं. बरेच लेखक 15 पानांवर खुणा करून येतात, मग घड्याळ बघत वेग वाढवतात आणि शेवटी 'हे मी सोडतो' म्हणत पानं उलटत बसतात. ती काटछाट घरी करायची असते. चार्ल्स डिकन्स यांनी 1853 मध्ये बर्मिंगहॅमला 'अ ख्रिसमस कॅरॉल' पहिल्यांदा जाहीरपणे वाचलं तेव्हा जवळपास तीन तास लागले. पुढे त्यांनी स्वतःच्याच मजकुरावर कात्री चालवून ते दीड तासाच्या आत आणलं. वाचनाची प्रत वेगळी होती: छापील पानं मोठ्या कागदांवर बसवलेली, समासात सूचना, मध्ये खोडलेले परिच्छेद.

आजही तीच प्रत लागते, फक्त प्रिंटरवर निघते. अक्षर 16 पॉइंटचं, ओळींमध्ये दीडपट अंतर, कागदाची एकच बाजू. पान परिच्छेदाबरोबर संपवायचं, खाली जागा रिकामी राहिली तरी चालेल. वाक्य मधेच तुटलं की पान उलटेपर्यंत नायिका दारात ताटकळते. स्टेपल करू नये. सुटी पानं क्रमांक घालून ठेवायची आणि वाचून झालेलं पान न उचलता बाजूला सरकवायचं, कारण कागदाची सळसळ माइकमधून पाऊस पडल्यासारखी ऐकू येते. संवादातले 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' एकदा मोठ्याने वाचून तपासावेत. आवाजावरून कोण बोलतंय ते कळत असेल तर निम्मे उडवता येतात. कळत नसेल तर पुस्तकात नसलेला एखादा घालावाही लागतो. आणि पुस्तकाचं पहिलं पान वाचलंच पाहिजे असा नियम नाही. कोण, कुठे, कधी एवढं दोन वाक्यांत सांगून थेट मधल्या प्रसंगात शिरलेलं ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

माइकची भीती अनेकांना असते. खरी भानगड मात्र प, फ, ब, भची असते. 'फाटकापाशी भाऊ' हे शब्द माइकच्या अगदी तोंडाशी उच्चारून पाहावेत: प्रत्येक वेळी हवेचा फटका बसून 'भुप्' असा धक्का येतो. उपाय सोपा. वीतभर अंतर ठेवायचं आणि माइक ओठांच्या समोर न धरता किंचित बाजूला वळवायचा. माइकच्या जाळीभोवती मूठ आवळली, किंवा स्पीकर वाचणाऱ्याच्या मागे ठेवला, तर शिट्टी वाजणारच. चाचणी 'हॅलो, हॅलो'वर भागवू नये. जो उतारा वाचायचा आहे त्यातल्या चार ओळी वाचाव्यात आणि कुणाला तरी शेवटच्या रांगेत बसवावं. रिकामं सभागृह घुमतं म्हणून लगेच घाबरून जायचं कारण नाही. माणसं येऊन बसली की बराचसा घुमारा त्यांच्या कपड्यांत जिरतो.

खुर्च्या अपेक्षेपेक्षा थोड्या कमीच मांडाव्यात आणि जास्तीच्या भिंतीशी रचून ठेवाव्यात. 30 माणसं 40 खुर्च्यांत गर्दी वाटते, 100 खुर्च्यांत शोकसभा. प्रश्नोत्तरांबद्दल एवढंच: फिरता माइक स्वयंसेवकाने आपल्याच हातात धरावा. प्रश्नाऐवजी मनोगत सुरू झालं तर तो मागे घेता येतो.

शेवटी सह्या. टेबल बाहेर पडायच्या वाटेवर, पण दारातच नको, नाहीतर रांग दार अडवते. रांगेतल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी आणि नाव स्वतःच्या हाताने लिहायला सांगावं. 'सुनीता'ची 'सुनिता' पुस्तकावर एकदा उमटली की खोडता येत नाही, आणि गोंगाटात ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येत नाही. गुळगुळीत कागदावर जेल पेनाची शाई लवकर वाळत नाही; पुस्तक मिटलं की सहीची आरशातली प्रत समोरच्या पानावर. ती नावाची चिठ्ठीच मध्ये ठेवून पुस्तक मिटावं.