चार की आठ?

आज अण्णांची चौथी केमो झाली. मिरजेहून तासगावला येताना गाडीत कुणीच फारसं बोललं नाही.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालंय. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाच्या सलाईननंतर चार-पाच दिवस त्यांना थंड स्टीलचा तांब्यासुद्धा धरवत नाही, बोटांत सुया टोचल्यासारखं होतं. फ्रिजला तर आईने हातच लावू दिला नाही. पण आता मधल्या दिवसांतही बोटांची टोकं बधिर राहतात. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय आणि काल कात्री दोनदा हातातून निसटली. चाळीस वर्षं द्राक्षबाग सांभाळलेला हात आहे हा.

डॉक्टरांनी आज नीट बसून समजावलं. २०१८ मध्ये बारा हजारांवर रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झालाय. अण्णांसारख्या कमी जोखमीच्या रुग्णांत, याच औषधांच्या तीन महिन्यांच्या कोर्सचा, म्हणजे चार केमोंचा, फायदा सहा महिन्यांच्या आठ केमोंइतकाच दिसला. आणि नसांचा मध्यम ते तीव्र त्रास? सहा महिन्यांत जवळपास ४५ टक्के लोकांना, तीन महिन्यांत १५ टक्क्यांच्या आसपास. अण्णांच्या दोनच लिम्फ नोडमध्ये (आतड्याजवळच्या छोट्या ग्रंथींत) आजार होता, म्हणून हा पर्याय.

अण्णांनी एकच विचारलं, "डॉक्टर, तुमचे वडील असते तर?"
"चारवर थांबवलं असतं."

मला अजून भीती वाटते. औषध थांबवणं म्हणजे काहीतरी सोडून दिल्यासारखं वाटतं. पण थांबायचं ठरलंय. ठरावीक दिवसांनी सीईएची, म्हणजे कॅन्सर परत येतोय का याची खूण देणारी रक्ताची, तपासणी चालू राहील.

रात्री शर्टाची बटणं काढताना दोनदा निसटली. आई पुढे झाली, तर म्हणाले, "थांब गं, काढतो मी."